सासूबाईंचा सायकस



मागच्या लेखात मूगडाळीच्या सांडग्यांबद्दल लिहिलं होतं. त्यावर चार-पाच जणींनी वेगळाच प्रश्न विचारला. सांडगे वाळत घातलेल्या फोटोत मागे जे झाड दिसतं ते कोणतं, आणि आमचं तसलंच झाड पिवळं पडलंय, काय करू? ते झाड म्हणजे आमच्या सासूबाईंचा सायकस. त्याची गोष्ट सांगायची तर आधी नारळाची सांगावी लागेल, आणि नारळाच्या गोष्टीत माझी चूक आहे. म्हणून इतके दिवस लिहायचं टाळत होते.

आमचं डोंगरकडा हिंगोली-नांदेड रस्त्यावरचं गाव. चहूकडे केळी, हळद, ऊस. जमीन काळी, भारी. उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसाळ्यात चप्पल आत राहते, पाय वर येतो. नारळ इथला नव्हे. इथला म्हणायचा तर ओढ्याकाठची शिंदी. तरी सासऱ्यांनी हौसेने परसात विहिरीजवळ एक नारळ लावला होता आणि तो चांगला लागायचा. मंदिरात वाहायचं श्रीफळ घरच्या झाडाचं, याचं सासूबाईंना फार.

एका वर्षी त्याच्या नव्या झावळ्या कात्रीने कापल्यासारख्या निघायला लागल्या. पान उघडलं की दोन्ही बाजूंनी तिरके काप. कोकणात माहेर असलेल्या एका मैत्रिणीला फोटो पाठवला. तिने लगेच सांगितलं, गेंड्या भुंगा. तो शेंड्यात शिरून न उघडलेलं पान कुरतडतो आणि पान उघडल्यावर ते काप दिसतात. तिच्या माहेरी तारेचा आकडा घालून भुंगा ओढून काढतात आणि मारतात.

मी म्हटलं, हे आपल्याच्याने होणार नाही. आकड्याने टोचून जीव काढायचा? चार इंद्रियांचा जीव तो. मी णमोकार म्हटला आणि झाड झाडाच्या कर्मावर सोडलं. तेव्हा मला ते फार धर्माचं वाटलं होतं.

ताड, माड, शिंदी, सुपारी या सगळ्यांचं एक वैशिष्ट्य आहे. आंबा किंवा लिंबाचा शेंडा मोडला तर खाली फांद्या फुटतात. नारळाला वाढीचं ठिकाण एकच, अगदी वर, पानांच्या मधोमध. ते गेलं की झाड गेलं, खोड कितीही धडधाकट असो. गेंड्या भुंगा एकटा सहसा मोठं झाड मारत नाही. पण त्याने केलेल्या जखमेच्या वासावर दुसरा येतो, सोंड्या भुंगा. त्याची मादी जखमेत अंडी घालते आणि अळ्या आतून खोड पोखरतात. बाहेरून कळतच नाही. खोडाला कान लावला तर कधी कुरकुर ऐकू येते, कुठे तपकिरी चीक गळताना दिसतो. मी कानही लावला नाही आणि चीकही पाहिला नाही. शेंडा एका बाजूला कलला तेव्हा गडी म्हणाला, "काकू, आता काय नाय राह्यलं ह्यात." २०२१ च्या उन्हाळ्यात नारळ तोडला. आत हाताच्या मुठीएवढ्या पोकळ्या आणि त्यात शेकडो अळ्या. एक भुंगा वाचवायला गेले आणि शेकडो जीव असे उघड्यावर पडले. कावळे दोन दिवस हटले नाहीत. सासूबाई तेवढे दोन दिवस परसात आल्या नाहीत.

त्याच वर्षी सप्टेंबरात मराठवाड्यात पाऊस कसा झाला ते आपल्या भागातल्या मैत्रिणी विसरल्या नसतील. सोयाबीन उभं कुजलं. आमच्या अंगणात पाणी साचून राहिलं, बरोबर सायकसच्या बुडाशी.

हा सायकस माझ्या लग्नाच्या आधीपासूनचा. सासूबाईंनी मूठभर पिल्लू आणून लावलेलं, आता खोड माझ्या गुडघ्याएवढं. इतकी वर्षं आणि एवढीच उंची, यावरूनच कळतं किती सावकाश चालणारा जीव आहे. वर्षातून बहुधा एकदाच पानांचा नवा घेर काढतो, तोही सगळा एकदम. त्याला लोक पाम म्हणतात, पण तो पाम नव्हेच. पामला फुलं येतात, सायकसला येत नाहीत. त्याला देवदार-चीडसारखे शंकू येतात. नर वेगळा, मादी वेगळी. नात्याने बघायचं तर नारळाचे भाऊबंद म्हणजे केळी आणि हळद. सायकस त्यांच्यापेक्षा फार जुन्या घराण्यातला. हे पुढे उपयोगी पडतं म्हणून सांगते आहे.

संक्रांतीच्या सुमाराला सायकस पिवळा पडू लागला. पानांवर पांढरे ठिपके दिसले. आणि मी घाबरले. नारळाच्या वेळी थांबले आणि झाड गेलं, या वेळी थांबायचं नाही असं मनाशी ठरवलेलं. एका नर्सरीत मोबाईलवर फोटो दाखवला. तिथल्या माणसाने फोटो बघून न बघून सांगितलं, कीड आहे, हे औषध पाण्यात कालवून मुळाशी ओता. इमिडाक्लोप्रिड. मी आणलं आणि ओतलं. सासूबाई ओट्यावर बसून बघत होत्या, काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी सामायिकाला बसल्या त्या रोजच्यापेक्षा बराच वेळ उठल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगण झाडायला गेले तर सायकसभोवती गांडुळं वर येऊन मेलेली. मोजली नाहीत. केरसुणी खाली ठेवली आणि तिथेच बसले.

आणि ते ठिपके? चार दिवसांनी सहज लिंबाची फोड घासली तर साफ निघाले. बोअरच्या पाण्याचे क्षार होते ते! मी रोज वरून नळी मारत होते ना. कीड नव्हतीच.

मग काय होतं? ते ओळखलं आमच्या शेजारच्या एका हळदवाल्याने. शिजवलेली हळद वाळवायला आमच्या अंगणाची एक बाजू मागायला आला होता. त्याने सायकसच्या बुडाशी अंगठा दाबला, वास घेतला आणि म्हणाला, "वहिनी, ह्याला कंदकूज लागली. पाणी थांबलं की हळदीला लागती तशीच. वरून काय बी घाला, खाली कुजतंय." किती सरळ! आमच्या भागात हळद गादीवाफ्यावर लावतात ती याचसाठी, पाणी कंदाशी थांबू नये म्हणून. गावातल्या लहान पोराला माहीत असलेली गोष्ट मी अंगणात विसरले. भारी काळ्या मातीत, सपाटीवर, खड्ड्यात लावलेला सायकस, वर मी रोज पाणी घालणार.

मला वाटलं, संपलं. पोर्चमध्ये गाडीला जागा हवीच होती, धाकटा म्हणाला उपटून टाकू. सासूबाई तेव्हा पहिल्यांदा बोलल्या. "त्याच्यात जीव आहे का गेला, हे तुम्ही कसं ठरवलं?"

प्रश्न खराच होता. याचं उत्तर नारळाला एक आणि सायकसला दुसरं. नारळाचा शेंडा गेला की उत्तर ठरलेलं. सायकसचं तसं नाही. तो खोडात पिठूळ साठा करून ठेवतो. पानं गेली, मुळं गेली, अगदी वरचा शेंडाही गेला तरी खोडाच्या बाजूने तो पुन्हा कोंब काढू शकतो. म्हणून खोड दाबून बघायचं. लाकडासारखं घट्ट लागलं तर जीव आहे. पिकल्या पपईसारखा अंगठा आत गेला तर तेवढा भाग गेला. आमच्याकडे एका बाजूला अंगठा आत जात होता, बाकी घट्ट.

२०२२ ची श्रुतपंचमी झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तो काढायला घेतला. श्रुतपंचमीच्या आरतीनंतर सासूबाईंनी एक विचारलं होतं ते मला फार आवडलं. धरसेन आचार्यांनी शिकवलेलं पुष्पदंत आणि भूतबली मुनींनी षट्खंडागमात बांधलं, आणि त्यावरच्या धवला टीकेच्या पोथ्या मूडबिद्रीला ताडपत्रावर राहिल्या, हे आपण दरवर्षी ऐकतो. त्यांचा प्रश्न, "ते ताडपत्र म्हणजे आपल्या ओढ्याच्या शिंदीचं का गं?" नाही. शिंदीचं पान नारळासारखं पिसाचं, त्याची पत्ती अरुंद. पोथ्यांना पंख्यासारख्या रुंद पानाचा श्रीताड चांगला. तो श्रीताड कित्येक दशकं नुसता वाढतो, आयुष्यात एकदाच फुलतो आणि मरतो. त्या पानांवर शतकानुशतकं राहिलेली धवला छापून यायला १९३९ साल उजाडलं. डॉ. हिरालाल जैनांनी आपल्या अमरावतीहून पहिला खंड काढला, आणि सोळा खंड पुरे व्हायला १९५९ साल आलं. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे झाडाने सांभाळलं म्हणायचं." असो, सायकसकडे वळते.

माती भुसभुशीत करून सावकाश काढला. मुळं धुतली. कुजलेली मुळं काळी, बोटाने ओढली की सालीसकट निघणारी. ती कापली. वरच्या थरात मात्र पोवळ्यासारखी गाठीगाठींची वेडीवाकडी मुळं होती. मला ती रोगट वाटली आणि मी अर्धी तोडली. हळदवाला ओरडलाच. "सोयाबीनच्या गाठी तोडता का कुणी?" त्याने अंदाजानेच म्हटलं, पण नंतर वाचलं तर बरोबर निघालं. सायकसच्या त्या गाठींत नील-हरित शैवाल राहतं आणि हवेतला नत्र झाडाला देतं. तर मैत्रिणींनो, ती पोवळ्यासारखी मुळं दिसली तर हात लावू नका.

खोडाचा मऊ भाग धारदार सुरीने कापत गेलो, पांढरा घट्ट गर लागेपर्यंत. निम्म्यावर थांबून चालत नाही, थोडं कुजकं राहिलं तरी पुन्हा पसरतं. सगळी पानं काढली, कारण मुळंच नाहीत तर पानांना पाणी कोण देणार? जखमेवर बोर्डो मलम. मोरचूद १०० ग्रॅम आणि चुना १०० ग्रॅम, दोन्ही अर्ध्या-अर्ध्या लिटर पाण्यात वेगवेगळे भिजवून मग एकत्र करायचे. भांडं प्लास्टिकचं, लोखंडी चालत नाही. हात लावताना मोजे घाला. घरात हळदीची पोती असताना मोरचूद कशाला, असं जाऊबाई म्हणाल्या. मी दोन्ही लावलं, खरं सांगते. हळद मनाच्या समाधानाला.

दहा-बारा दिवस सावलीत, वाऱ्यावर नुसता ठेवला. मग अंगणातच, पण विटांनी उंच केलेल्या वाफ्यावर, म्हणजे हळदीच्या गादीवाफ्यासारखाच. खाली विटांचे तुकडे, वर मुरूम आणि जाड वाळू, काळी माती मूठभरसुद्धा नाही. खोडाचा बराचसा भाग वर. पाणी आठवड्यातून एकदा आणि पावसाळ्यात तेही नाही. वर पत्र्याचा आडोसा.

आणि मग काहीच नाही. महिनोन् महिने एक काळा ठोकळा. येणारी प्रत्येक बाई विचारायची, हे काय ठेवलंय? सासूबाईंचे तेव्हा डोळे अधू झालेले. रोज सकाळी दर्शनाहून आल्या की विचारायच्या, "आलं का काही?" मी म्हणायचे, "नाही आई." खोड दाबून बघायचे, घट्ट असायचं. त्या दिवसांत कुठेतरी वाचलं, लंडनच्या क्यू बागेत दक्षिण आफ्रिकेहून १७७५ साली आणलेलं सायकसच्या नात्यातलं एक झाड आजही कुंडीत आहे आणि इतक्या वर्षांत त्याला शंकू आला तो एकदा, १८१९ मध्ये. मी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग आपली घाई कशाला?"

त्या चातुर्मासात जवळच एक माताजी होत्या. एकदा आहारानंतर धीर करून मी त्यांना सगळं सांगितलं, नारळाचं आणि गांडुळांचं. विचारलं, दोन्हींतलं कमी पाप कोणतं? मला वाटलं होतं त्या संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी असं समजावतील. ते मला पाठ आहे. त्यांनी उलट विचारलं, "तो भुंगा आला कुठून?"

मी म्हटलं, उडत आला असेल. त्या म्हणाल्या, बघ.

घरी येऊन वाचलं. गेंड्या भुंगा अंडी घालतो ते कुजत्या शेणखतात. आणि आमचा उकिरडा नारळापासून वीस पावलांवर. तीन वर्षं न उपसलेला, कारण गडी मिळत नाही, नंतर बघू, दिवाळीनंतर बघू. फावड्याने वरचा थर काढला तर आत अंगठ्याएवढ्या पांढऱ्या वाकड्या अळ्या. मी स्वतः त्यांना वाढवलं होतं आणि मग आकड्याला नको म्हणून स्वतःला अहिंसक समजत होते. तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येत प्रमाद आधी येतो, हे पर्युषणात दरवर्षी ऐकते. उकिरड्यापाशी उभं राहिल्यावर ते वेगळंच ऐकू आलं.

त्या अळ्यांचं काय केलं, हे विचाराल. खत शेतात पसरलं, आणि ते पसरल्यावर बगळे आले. मला माहीत होतं ते येणार. यातून सुटायची वाट मला सापडली नाही, आणि सापडली असं मी इथे लिहिणार नाही. माताजींकडे जाऊन प्रायश्चित्त घेतलं. आता घरचं शेण झाकणाच्या ड्रममध्ये, वर बारीक जाळी. भुंगा आत जाऊच शकत नाही, मग पुढचं काहीच येत नाही.

नवीन नारळ लावला आहे, त्याच्यासाठीही असंच. निंबोळी पेंड आणि वाळू सारखी मिसळून आतल्या दोन-तीन पानांच्या बेचक्यात भरते, वर्षातून तीनदा. आतमध्ये खरखरीत वाळू आणि कडू वास असला की भुंगा सहसा शिरत नाही. मी तिथीवर बांधून घेतलंय, अष्टाह्निका आली की पेंड. कार्तिक, फाल्गुन, आषाढ, बरोबर तीन होतात. आणि झावळी कापायची वेळ आली तर अगदी खोडालगत कापत नाही, बराच लांब देठ ठेवते, म्हणजे खोडाला ओली जखम होत नाही आणि सोंड्याला वाट मिळत नाही.

पिवळ्या पानांबद्दल बऱ्याच जणींनी विचारलंय म्हणून थोडक्यात. पामची खालची पानं पिवळी पडली तर लगेच कापू नका. झाड जुन्या पानातलं पालाश काढून नव्याला देत असतं, तुम्ही पान कापलं की ते पुढच्या पानातून ओढतं. पूर्ण वाळू द्या, मग काढा. नवं पानच पिवळं आणि आखडलेलं येत असेल तर बहुधा मँगनीज किंवा लोह कमी पडतंय. आपल्या चुनखडीच्या काळ्या मातीत ते असून झाडाला मिळत नाही. आणि हॉलमधल्या अरेका पामची टोकं करपतात ना? आमचीही करपायची. मी मोठ्या काटकसरीने आरओचं वाया जाणारं पाणी त्याला घालत होते. त्या पाण्यात क्षार उलट वाढलेले असतात. ते पाणी फरशीला वापरा, झाडाला पावसाचं साठवलेलं घाला. आणखी एक, सायकसच्या बिया लालसर, दिसायला छान, पण विषारी. पानंसुद्धा. घरात रांगतं मूल किंवा दारात वासरू असेल तर जपा.

तर आमचा ठोकळा. एक चातुर्मास गेला, थंडी गेली, ४३ अंशांचा मे गेला. २०२३ च्या आषाढात एके दिवशी पत्रा सरकवला तर शेंड्याशी तपकिरी लव उठलेली. आठवडाभरात त्यातून सहा-सात पानं, घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेल्या पत्त्यांची, इतकी मऊ की वाऱ्यानेही मोडतील. आधी तीस-चाळीस पानांचा घेर असायचा. ही बोटभर पानं. आणि कापलेल्या बाजूला, जिथे मी सगळ्यात खोल सुरी घातली होती तिथे, दोन पिल्लं.

सासूबाईंना हाताला धरून नेलं. त्यांनी हात पुढे केला आणि पानापासून चार बोटांवर थांबवला. कोवळ्या कोंबात अनंत जीव, हे त्यांना कोणी सांगायला नको. नर्सरीवालेही सांगतात की नवा घेर कडक होईपर्यंत हात लावू नये, कुंडी फिरवूसुद्धा नये, नाहीतर पानं कायमची वाकडी राहतात. त्यांनी हात तसाच ठेवला थोडा वेळ, मग पदराला पुसला, जणू काही लागलंच होतं.

आता ती पिल्लं लिंबाएवढी झाली आहेत. एक धाकट्या नणंदेला द्यायचं सासूबाईंनी परस्पर कबूल केलंय. मी म्हणते आहे, मुळं धरू दे, दोन वर्षं थांबा. रोज यावरून आमचं चाललेलं असतं.